साठी झाली, आता पेन्शन कोणतं?

घरात दिव्यांग व्यक्ती साठीची झाली की एक प्रश्न हमखास येतो: आता वृद्धापकाळाचं पेन्शन घ्यायचं का? थांबा, आधी हिशेब बघा.

दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग पेन्शन योजनेत केंद्राकडून महिना ३०० रुपये मिळतात. ही योजना १८ ते ७९ वयापर्यंत चालते. पूर्वी ती ५९ ला संपायची, २०१२ मध्ये मर्यादा वाढली. जुनी समजूत मात्र अजून फिरते. वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयासाठी केंद्राचा वाटा २०० रुपयेच. म्हणजे नाव हलवलंत की शंभर गेले. राज्याची भर प्रत्येक राज्यात वेगळी असते, तेव्हा दोन्हीकडची एकूण रक्कम तहसील किंवा ब्लॉक ऑफिसात विचारूनच ठरवा.

ऐंशीला नाव वृद्धापकाळ योजनेत जातं आणि केंद्राचे ५०० मिळतात. वाढ झाली खरी. पण त्याच योजनेतल्या धडधाकट शेजाऱ्यालाही ५०० च! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २४ सांगतं, अशा मदतीत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवेत. ऐंशीला व्हीलचेअर सुटते का? सोबतीच्या माणसाचा पगार थांबतो का? हे अर्जात लिहा, कलमाच्या आकड्यासकट. आणि जुनं पेन्शन बंद होण्याआधी नव्या मंजुरीचा कागद हातात घ्या.