सण नसतानाची समिती

सण जवळ आला की पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा होतो, भाषणे होतात, पेपरात फोटो येतो. सण पार पडला की समिती पुढच्या सणापर्यंत झोपी जाते. मोहल्ल्याचे दुखणे मात्र रोजचे. मध्यरात्रीपर्यंत ओट्यावर बसणारी टोळकी, सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली, पोरीबाळींवर शेरेबाजी आणि आपल्या शहरात ज्यांना 'बटन' म्हणतात त्या नशेच्या गोळ्या. सगळ्यांना सगळे ठाऊक असते, पण सांगत कोणी नाही. सांगणाऱ्याचे नाव संध्याकाळपर्यंत त्या पोरांना कळेल, ही एक भीती. आमच्या वस्त्यांत दुसरीही आहे, ती स्पष्टच सांगतो. एका पोराची तक्रार केली तर शिक्का अख्ख्या गल्लीवर बसेल.

पण गप्प राहिल्याने भागत नाही. 2023 च्या मार्चमध्ये, रामनवमीच्या आदल्या रात्री, किराडपुऱ्यात पोलिसांच्या गाड्या जळाल्या. ठिणगी होती तरुणांच्या दोन गटांतले भांडण.

भिवंडीने हे आपल्याआधी भोगले. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी ते यंत्रमागांचे गाव होरपळले. 1988 मध्ये तिथे सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि त्या भागातले पोलीस एकत्र बसू लागले. बोलणे काय, तर शेजाऱ्यांची भांडणे, गल्लीतल्या रोजच्या कुरबुरी. वरवर पाहता ही पोलिसांची कामेच नव्हेत! पण त्यातून शिपाई माणसांना आणि माणसे शिपायाला ओळखू लागली. अफवा आली तर खरे-खोटे कोणाला विचारायचे, हे ठरलेले होते. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही अशा समित्या निघाल्या. 2007 पासून राज्याने गावांसाठी तंटामुक्त मोहीम काढली. शहरातल्या गल्ल्यांच्या वाट्याला मात्र बहुधा सणाची बैठकच आली.

यात धोके आहेतच. अधिकाऱ्याची बदली झाली की समिती पोरकी होते. निवडणुकीचे इच्छुक तिथे घुसतात. काही जणांना तर समितीचे ओळखपत्र मिळाले की आपण फौजदार झालो असे वाटते. कोणती मुलगी कोणाबरोबर बोलते हे पाहणे समितीचे काम नाही. हात उगारणे तर नाहीच नाही.

माझे मागणे लहान आहे. बीटच्या शिपायाचे नाव आणि फोन नंबर रेशन दुकानावर, मशिदीबाहेर, मंदिराबाहेर लिहा. तक्रार करणाऱ्याचे नाव ठाण्याबाहेर जाऊ देऊ नका. महिन्याला एक बैठक घ्या, तीही सण नसताना. आणि ती रात्री इशाच्या नमाजनंतर नको, दुपारी चारला अंगणवाडीत घ्या, म्हणजे बाया येतील. गोळ्या कोणत्या दारातून विकल्या जातात हे त्यांना आपल्याआधी कळलेले असते. आजवर त्यांना कोणी विचारलेच नाही.