ट्रकमालक होऊ इच्छिणाऱ्या चालकाचा जमाखर्च



दादरा व नगर हवेलीचा प्रदेश क्षेत्रफळाने अवघा ४९१ चौरस किलोमीटरचा. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अमलातून मुक्त झाले आणि त्या लढ्यात सुधीर फडके यांच्यासारखे कलावंतही प्रत्यक्ष उतरले होते, हे मराठी माणसास विदित आहेच. त्या वेळी येथे जंगल आणि भातशेती होती. पुढे करसवलतींच्या काळात पिपरिया, आमली, मसाट, खडोली, नरोली या गावांच्या शिवारांत कारखाने उभे राहिले. पॉलिएस्टरचा धागा आणि प्लॅस्टिकच्या वस्तू येथून देशभर जातात. धाग्याची खोकी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथील मागांपर्यंत पोहोचतात. सिल्वासा येथे रेल्वे नाही. जवळचे मोठे स्थानक वापी, आणि तेही गुजरात राज्यात. त्यामुळे कारखान्याच्या दारातून निघणारा माल प्रथम ट्रकवरच चढतो.

या ट्रकांवर चालक म्हणून काम करणाऱ्यांत शेजारच्या पालघर जिल्ह्यातील, तलासरी, डहाणू, जव्हार या भागांतील तरुणही आहेत. आठ-दहा वर्षे दुसऱ्याची गाडी चालविल्यावर त्यांच्या मनात स्वतःच्या गाडीचा विचार येणे स्वाभाविक आहे. रस्ता पाठ झालेला असतो, कारखान्यांचे पहारेकरीही नावानिशी ओळखत असतात. मालकाला एका फेरीचे भाडे किती मिळते हेही चालकाला ठाऊक असते. त्यातून डिझेल वजा करावे की उरलेले मालकाच्या खिशात, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा आहे. घरातील दागिने मोडून बँकेत रक्कम भरण्यापूर्वी तो का चुकतो हे पाहणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल १८.५ टन एकूण वजनाचा दोन आसांचा नवा ट्रक घ्यावा. आसांवरील भाराची मर्यादा जुलै २०१८ मध्ये वाढल्यापासून या वर्गातील गाडीला कायद्याने एवढे एकूण वजन चालते. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू ट्रकवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत २० लाख रुपये असेल तर या एका बदलाने २ लाखांचा फरक पडतो. नव्या खरेदीदाराला हा मोठाच दिलासा होय. तरीही चेसिस, बॉडी व नोंदणी मिळून खर्च २८ लाख रुपये धरावा. पुढील सर्व आकडे असेच धरून चाललेले आहेत. ज्याने त्याने आपल्या मार्गाचे व आपल्या बाजाराचे आकडे त्यांच्या जागी घालावेत.

२८ लाखांपैकी २२ लाखांचे कर्ज मिळाले व ६ लाख स्वतःचे घातले, असे मानू या. द.सा.द.शे. ११ दराने पाच वर्षांच्या मुदतीत दरमहा हप्ता सुमारे ४७,८०० रुपये बसतो. पाच वर्षांत एकूण सुमारे २८ लाख ७० हजार रुपये फेडावे लागतात, म्हणजे व्याजच ६ लाख ७० हजारांच्या घरात जाते.

बहुतेकांची समजूत अशी की, ६ लाख जमले म्हणजे गाडी आली. गाडी येते खरी, पण ती चालत नाही. १२ ते २० टन वजनाच्या सार्वजनिक मालवाहू वाहनाचा तृतीय पक्ष विमा, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकाप्रमाणे, करापूर्वी ३५,३१३ रुपये आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा. कर्जाऊ गाडीला तो धनको घ्यावयास लावतोच. दोन्ही मिळून पहिल्या वर्षी ७२ हजार धरावेत. राष्ट्रीय परवान्याचे वार्षिक एकत्रित शुल्क १६,५०० रुपये व प्राधिकारपत्राचे १,००० रुपये; किरकोळीसह २० हजार. ताडपत्री, दोरखंड, जॅक व हत्यारे यांना ३० हजार. एवढ्यावरच हा खर्च थांबत नाही. डिझेलचे पैसे पंपावर त्याच क्षणी द्यावे लागतात, आणि भाड्याची शिल्लक रक्कम मात्र पोचपावती कार्यालयात जमा होऊन बिल मंजूर झाल्यावर, कित्येकदा महिना-दीड महिन्याने हाती पडते. या दीड महिन्याच्या फेऱ्यांचा खर्च, खाली दिलेल्या हिशेबाने, १ लाख ३७ हजार होतो. त्याच काळात दोन हप्ते येऊन ठेपतात, ते ९५,६०० रुपये. सर्वांची बेरीज साडेनऊ लाखांच्या पुढे जाते. ६ लाखांची तयारी करून निघालेला माणूस वरच्या साडेतीन लाखांसाठी खाजगी सावकाराच्या दारात उभा राहतो, आणि धंद्याच्या पहिल्याच तिमाहीत त्याचे गणित बिघडते.

आता फेरीचा हिशेब. सिल्वासा ते भिवंडी हे अंतर भिलाड, तलासरी, मनोर, चिंचोटी या मार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर. लिटरला ५ किलोमीटर पडले तर ६० लिटर डिझेल, ९० रुपये दराने ५,४०० रुपये. पथकर १,२०० रुपये. जेवण, हमाली, वाहनतळ यांना १,००० रुपये. असा हातोहात जाणारा खर्च ७,६०० रुपये. टायर व दुरुस्तीचे प्रति किलोमीटर ४ रुपये म्हणजे आणखी १,२०० रुपये फेरीगणिक बाजूला टाकलेच पाहिजेत. सहा टायर एकाच महिन्यात झिजत नाहीत. पण एकाच महिन्यात बदलावे लागतात, आणि त्या महिन्यात मालकाकडे लाख-सव्वा लाख रुपये नसतात. धागा घेऊन जाण्याचे भाडे १२ हजार धरले तर, परतीला गाडी रिकामी आल्यास, फेरीमागे ३,२०० रुपये उरतात. परतीचे ६,००० रुपयांचे भाडे मिळाले तर त्यातून दलाली, हमाली व वाढीव डिझेल यांचे १,००० रुपये वजा जाता ५,००० ची भर पडून ८,२०० रुपये उरतात.

भरणे, वाट पाहणे, उतरविणे हे सर्व धरून एका फेरीस दोन दिवस लागतात. महिन्याला १२ फेऱ्या झाल्या तर गाडी उत्तम चालली म्हणावयाचे. दरमहाचा ठरीव खर्च असा : हप्ता ४७,८००, विम्याची तरतूद ६,०००, परवाना, कर व तपासणी २,५००, क्लीनर १२,०००, आणि उभी करण्याची जागा, फोन, हिशेबनीस यांचे १,७००. एकूण ७०,०००.

बाराही फेऱ्यांना परतीचे भाडे मिळाले तर फेऱ्यांतून ९८,४०० येतात व मालकाच्या हाती २८,४०० उरतात. सहा फेऱ्यांनाच मिळाले तर ६८,४०० येतात आणि १,६०० रुपये पदरचे घालावे लागतात. एकाही फेरीला मिळाले नाही तर ३१,६०० रुपयांची खोट येते. या बारा फेऱ्यांत मालक स्वतःच चक्रावर बसलेला आहे, हे विसरता कामा नये. दुसऱ्याच्या गाडीवर त्याला २५ हजार पगार मिळत असता, तर उत्तम महिन्यातही मालकी म्हणून त्याची खरी कमाई ३,४०० रुपयेच ठरते. पाच वर्षांनी हप्ता संपेल व गाडी त्याची होईल, ही त्यातील खरी मिळकत. तोवर घरखर्चाची अपेक्षा चालकाच्या पगाराएवढीच ठेवावी, आणि पावसाळ्यात ती त्याहूनही खाली आणावी. पावसात महामार्गावर तासन्‌तास अडकून पडावे लागते. शिवाय ठाणे-भिवंडी परिसरात अवजड वाहनांना ठराविक वेळी प्रवेशबंदी असते. बारा फेऱ्यांच्या नऊ होण्यास एवढे पुरेसे आहे.

तेव्हा सारे परतीच्या भाड्यावर येऊन ठेपते. नेमक्या याच ठिकाणी सिल्वासा येथील ट्रकमालकाची स्थिती इतरांहून वेगळी आहे, आणि ती पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. राष्ट्रीय परवान्याच्या नियमानुसार गाडीचे मूळ राज्य सोडून अन्य कोणत्याही राज्यात, त्याच राज्यातील दोन ठिकाणांमध्ये माल उचलून उतरविता येत नाही. महाराष्ट्राच्या गाडीला मूळ राज्य म्हणून चांद्यापासून बांद्यापर्यंतचा मुलूख मोकळा असतो. सिल्वासा येथील गाडीचे मूळ ‘राज्य’ काही तासांत ओलांडून होते. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव त्यात सामील झाले, तरी विस्तार फारसा वाढला नाही. सिल्वासाहून सुरतेला धागा नेता येतो. पण सुरतेहून वापीचा माल भरता येत नाही, कारण दोन्ही ठिकाणे गुजरातची. सुरतेहून सिल्वासा, दमण किंवा थेट भिवंडीचा माल चालतो. तद्वतच भिवंडीत गाडी उतरल्यावर नाशिकचा माल समोर आला तरी घेता येत नाही; वापीचा किंवा सुरतेचा घेता येतो. वाटेतील दलाल ‘चालते हो’ म्हणून माल भरून देतात, आणि दंड मात्र गाडीमालक भरतो.

तलासरीच्या चालकाने गाडी कोठे नोंदवावी, हा प्रश्न यातूनच उद्‌भवतो. कायदा याबाबत स्पष्ट आहे. मालकाचे राहण्याचे ठिकाण अथवा गाडी नेहमी जेथे ठेवली जाते ते व्यवसायाचे ठिकाण ज्या राज्यात असेल, तेथे नोंदणी करावयाची. पालघर जिल्ह्यात घर व गाडी असणाऱ्याने महाराष्ट्रातच नोंदणी केल्यास त्याला भिवंडी-नाशिक, भिवंडी-पुणे हा व्यवहार मोकळा राहतो व सिल्वासाचा मालही नेता येतो. कर थोडा कमी पडतो म्हणून दुसऱ्याच्या पत्त्यावर नोंदणी करण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या सल्ल्याने कायदा मोडतो आणि परतीचे भाडेही हातचे जाते.

भाडे कमी पडू लागले की दुसरा मोह होतो तो जादा भाराचा. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला २० हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये असा दंड ठेवला आहे. तीन टन जादा भरले तर २६ हजार. वरच्या हिशेबातील उत्तम महिन्याची जवळजवळ सारी कमाई. धाग्याच्या खोक्यांनी गाडी वजनाआधीच भरते, त्यामुळे ही पाळी सहसा परतीच्या मालावर येते. वापीच्या रासायनिक मालाचे भाडे चांगले असते खरे. पण धोकादायक माल नेण्यासाठी चालकाला वेगळे प्रशिक्षण व अनुज्ञप्तीवर तशी नोंद लागते. ज्याला शक्य आहे त्याने ती अवश्य करून घ्यावी.

जुना ट्रक घेऊन आरंभ करणारेही आहेत. हप्ता हलका बसतो, दुरुस्ती भारी पडते. येथे दोन वयोमर्यादा ध्यानात ठेवाव्या. आठ वर्षांनंतर योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. आणि दोन आसांच्या गाडीला बारा वर्षांनंतर राष्ट्रीय परवाना मिळत नाही. दहा वर्षांची गाडी चार वर्षांच्या कर्जावर घेतली तर शेवटची दोन वर्षे हप्ता चालू व परवाना बंद, अशी अवस्था होईल. आणि सिल्वासा येथे परवाना बंद म्हणजे धंदाच बंद, कारण दहा-पंधरा किलोमीटरवर दुसऱ्या राज्याची हद्द लागते.

ज्याच्याजवळ साडेनऊ लाख नाहीत त्याला लहान गाडीचा मार्ग आहे. ‘छोटा हत्ती’ म्हणून जी गाडी ओळखली जाते त्या वर्गातील, ३,००० किलोपर्यंत एकूण वजनाच्या वाहनास परवान्याचीच आवश्यकता नाही. विम्याचा दरही कमी : साडेसात टनांपर्यंत तृतीय पक्षाचे १६,०४९ रुपये. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेतील ‘तरुण’ गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळते. ते नीट फेडणाऱ्यास २०२४ पासून २० लाखांचा पुढचा टप्पाही खुला झाला आहे. कारखान्यातून वापीच्या गोदामापर्यंत, मसाटहून नरोलीपर्यंत अशा जवळच्या फेऱ्यांत रिकामे परतणे फारसे बोचत नाही. चार-पाच वर्षे लहान गाडी चालवून मग मोठीकडे वळणे हा चढ सोपा आहे, जरी गावात त्याचा तेवढा गाजावाजा होत नसला तरी.

अडकलेल्या भाड्याविषयी थोडे. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे व वाहतूक सेवा देणाऱ्या एका गाडीच्या मालकालाही ती करता येते. अशी नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. एकट्या गाडीवाल्याने मोठ्या वाहतूकदाराशी भांडणे अवघड, हे खरेच; तथापि बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की पुष्कळदा बोलणी सुकर होतात. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असणाऱ्याने पॅन क्रमांकासह घोषणापत्र दिल्यास भाड्यातून मुळाशी आयकर कापला जात नाही. हे न दिल्याने अनेकांचे पैसे वर्षभर गुंतून पडतात. अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली १२ टनांवरील वाहनाचे उत्पन्न टनास दरमहा १,००० रुपये धरले जाते, म्हणजे आपल्या गाडीचे १८,५००. विवरणपत्र दरवर्षी भरावे. कर लागला नाही तरी पुढच्या कर्जाच्या वेळी बँक प्रथम तेच मागते.

गाडी ताब्यात घेण्याआधी दोन कामे करून ठेवावीत. कर्जाच्या करारावर सही करतेवेळी पहिला हप्ता बॉडी बांधून होण्याच्या तारखेनंतर ठेवून घ्यावा. चेसिस बॉडीबांधणीच्या कारखान्यात उभी असताना सुरू झालेला हप्ता कोणत्याही फेरीतून निघत नाही. आणि दुसऱ्याच्या गाडीवर असतानाच तीन महिने एक वही ठेवावी. तीत तारीख, किलोमीटर, डिझेल, पथकर, परतीचे भाडे मिळाले की नाही, आणि पोच दिल्यापासून मालकाला पैसे किती दिवसांनी मिळाले, एवढेच लिहावे. शेवटचा रकाना भरण्यासाठी मालकालाच विचारावे लागेल, आणि पुष्कळ मालक ते मोकळेपणाने सांगतात.