भुसभुशीत बर्फावरची नवी स्की

आपल्याकडे तानसा नदीकाठच्या अकलोलीत गरम पाण्याची कुंडं आहेत, बर्फ नाही. तो पाहायचा तर थेट गुलमर्गसारखं ठिकाण गाठावं लागतं. तिथे स्की शिकायला आपल्याकडची मंडळीही जातात, म्हणून हा विषय.

जुन्या घडणीची स्की सपाट जमिनीवर ठेवली, तर मधोमध कमानीसारखी उचललेली दिसते. वजन पडलं की दोन्ही टोकं बर्फ घट्ट धरतात. कडक, दाबलेल्या उतारावर ही पकड फार मोलाची. पण ताज्या, भुसभुशीत बर्फात पुढचं टोक खाली घुसतं. मग मागे रेलावं लागतं आणि मांड्या भरून येतात.

शेन मॅककाँकी या स्कीपटूने पाण्यावरच्या स्कीवरून कल्पना घेतली. 2002 साली व्होलांट कंपनीची ‘स्पॅच्युला’ आली : मधे टेकलेली, टोकांना वर वळलेली. ही घडण म्हणजे रॉकर. होडीच्या नाळेसारखं उचललेलं टोक बर्फावर तरंगतं, वळण सहज बसतं. तुडवलेल्या, ढेकळांच्या बर्फातही ते अडकत नाही, वरून निघून जातं.

कडक बर्फावर मात्र निव्वळ रॉकरची पकड कमी पडते. म्हणूनच आज बऱ्याच स्कींमध्ये पायाखाली कमान आणि टोकाला रॉकर असतो. मला हीच जोडी सर्वांत शहाणी वाटते.

भाड्याने घेताना दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून पाहा. टोकं बऱ्याच आधीपासून विलग होत असतील, तर तो रॉकर. आणि हिमस्खलनाचा इशारा असेल त्या दिवशी आखलेला उतार सोडू नका.