घशातील गाठी : गोळी, शस्त्र आणि विवेक



या वार्षिक मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा विषयासाठी आम्हांस दूर जावे लागले नाही. पावसाळा लागला की दारव्हा, पुसद, वणी अशा चहूबाजूंनी माता आपली मुले घेऊन आमच्याकडे येतात. तक्रार एकच : "डॉक्टरसाहेब, याच्या घशातल्या गाठी पुन्हा सुजल्या." मागणीही एकच : "मागच्या वेळची जोरकस गोळी द्या." ती गोळी दर वेळी का देऊ नये, एवढेच आज सांगावयाचे आहे.

टॉन्सिल हे शरीराच्या वेशीवरचे पहारेकरी होत. तोंडानाकावाटे शिरणाऱ्या जंतूंशी त्यांची गाठ प्रथम पडते. बालवयात ते मोठे असतात आणि पुढे आपोआप आकसतात. म्हणून मोठी दिसणारी प्रत्येक गाठ रोगट असते असे नव्हे.

घसादुखीचे बहुसंख्य प्रसंग विषाणूंमुळे उद्भवतात. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. त्या औषधाने असंख्य प्राण वाचविले. परंतु ते जीवाणूंचे औषध आहे. विषाणूंपुढे त्याचे काही चालत नाही.

मग गाठी वारंवार का सुजतात? 1953 साली अमेरिकेत रो आणि त्यांचे सहकारी यांना शस्त्रक्रियेने काढलेल्या ॲडेनॉइड गाठींत एक नवा विषाणू आढळला; त्यावरूनच त्यास ॲडेनोव्हायरस हे नाव मिळाले. दुखणे बरे झाल्यावरही तो गाठींत दीर्घकाळ दडून राहू शकतो. 2012 साली ब्राझीलमधील संशोधकांनी गाठींचा जुनाट विकार असलेल्या 121 मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. त्या वेळी मुलांना ताजी सर्दी नव्हती, तरी बहुतेकांच्या गाठींत कोणता ना कोणता विषाणू सापडला. अर्थात, घरात सापडला तो चोरच, असा न्याय येथे लावता येत नाही. विषाणूंचा वास सिद्ध आहे. जुनाट सूज केवळ त्यांचीच करणी आहे, हे सिद्ध नाही.

म्हणून गोळी कधीच नको, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जीवाणूने घसा धरला आणि उपचार झाला नाही, तर काही मुलांना सांधेज्वर होतो व हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. सर्दी, खोकला, आवाज बसणे ही लक्षणे बहुधा विषाणूंची. एकाएकी ताप, गिळताना तीव्र वेदना, मानेत दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणे, ही जीवाणूंची शंका आणणारी. पांढरे ठिपके दोहोंतही दिसतात. तेव्हा निर्णय डॉक्टरांनी, शक्य तर घशातील स्रावाची तपासणी करून घ्यावा. जीवाणू ठरल्यास औषधाचा क्रम, बहुधा दहा दिवसांचा, पुरा करावा. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या धाकट्या भावंडासाठी फडताळात ठेवण्याची आपली काटकसर येथे घातक ठरते.

शस्त्रक्रियेचेही तसेच. एका वर्षात सात, किंवा सलग दोन वर्षे दरसाल पाच, किंवा सलग तीन वर्षे दरसाल तीन तीव्र प्रसंग आले, तरच वारंवारच्या दुखण्यासाठी तिचा विचार सामान्यतः करतात. झोपेत श्वास अडत असेल, तर मात्र एवढी वाट पाहू नये. यवतमाळास 1989 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सल्ल्यासाठी आता नागपूर गाठलेच पाहिजे असे नाही.

आमची विनंती लहानशी आहे. आपल्या घरात जमाखर्चाची वही असते. तिच्या शेवटच्या पानावर मुलाच्या दुखण्याची तारीख, ताप आणि दिलेले औषध लिहून ठेवावे. ते एक पान अनावश्यक गोळी टाळील, अनावश्यक शस्त्र टाळील आणि प्रसंगी एखाद्या बालकाचे हृदय वाचवील.