जुन्या मोटारीची टकटक

ॲम्बॅसेडर मोटारीचें उत्पादन पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथें १९५७ सालीं सुरू झालें आणि २०१४ सालीं थांबलें. तथापि अनेक कुटुंबांनीं ती गाडी अद्यापि मायेनें सांभाळली आहे. अशा गाडीच्या मालकास एक शंका कधीं ना कधीं छळतेच. एंजिन चालू असतां त्याच्या वरच्या अंगाकडून शिवणयंत्रासारखी जी टकटक ऐकूं येते, ती कशाची? शेजारी म्हणतो, बेअरिंग गेलें. मालक मिस्त्रीस बजावतो, आवाज समूळ बंद झाला पाहिजे. ह्या आग्रहापायींच चांगलें एंजिन बिघडण्याचा संभव असतो.

ज्या ॲम्बॅसेडरमध्यें १४८९ घनसेंटिमीटरचें पेट्रोल-एंजिन आहे, तिच्या चार सिलिंडरांना आठ झडपा असतात. खालीं बाजूस फिरणारा कॅमशाफ्ट टॅपेटला उचलतो. टॅपेट उभ्या दांडीस, दांडी रॉकरला, आणि रॉकर झडपेला ढकलतो. रॉकर व झडपेचें टोंक यांमध्यें सुमारें १५ सहस्रांश इंचाची फट मुद्दाम राखलेली असते. तापल्यावर धातु वाढतो. त्या वाढीस जागा हवी म्हणून ही सोय. ही फट ओलांडून रॉकर झडपेवर आदळतो, तोच हा आवाज. फट बेतशीर असली कीं आवाज मंद. वाढली कीं तो टणटणीत होतो.

कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीनें फिरतो. म्हणून एंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर एका झडपेची टकटक ४०० वेळां होते. इतके ठोके कोणी मोजूं शकत नाहीं. पण एंजिनाच्या मानानें संथ असा हा ताल सरावलेल्या कानास ओळखतां येतो. बेअरिंगचा ठोका खालून येणारा, खोल व जड असतो आणि गाडी चढणीस लागली कीं वाढतो. धुराच्या नळीच्या जोडांतून वायु निसटत असेल, तर तोही टकटकतो. मात्र तो थंड एंजिनांत मोठा असतो आणि धातु तापून जोड आवळला कीं बहुधा ओसरतो.

परीक्षेचा क्रम साधा आहे. प्रथम तेलाची पातळी पाहावी. तेल कमी असेल किंवा रॉकरकडे जाणारीं छिद्रें गाळानें बुजलीं असतील, तर सर्वच रॉकर कुरकुरतात. नंतर लांब पेचकसाचें टोंक एंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवून मूठ कानास लावावी. मात्र पंख्यापासून पदर, उपरणें व हात दूर ठेवावेत. शेवटीं रॉकरांवरील झाकण काढून, एंजिन अगदीं मंद चालू ठेवून, फिलर गेजची पात एकेका फटींत सरकवावी. जेथें पात जातांच टकटक थांबते, तेथेंच दोष आहे.

फट बसवावयाची ती मात्र एंजिन बंद करून, आणि हातपुस्तिकेंत गरम म्हटलें असेल तर गरम, थंड म्हटलें असेल तर थंड. येथें नऊच्या बेरजेचा नियम उपयोगी पडतो. आठवी झडप पूर्ण उघडी असतां पहिली तपासावी, सहावी उघडी असतां तिसरी, चौथी उघडी असतां पांचवी. दोन्ही क्रमांकांची बेरीज नेहमीं नऊ. नट आवळतांना फट बदलते, म्हणून आवळल्यानंतर ती पुन्हा मोजावी. मापानें फट बरोबर असूनही टकटक राहिली, तर रॉकरच्या तोंडास खळगा पडला असण्याचा संभव असतो. सपाट पात खळग्यावरून जाते व खरी फट लपून राहते. तेथें रॉकरच दुरुस्त केला पाहिजे.

आतां त्या आग्रहाकडे वळूं. आवाज संपावा म्हणून फट अति घट्ट केली, तर तापलेली झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाहीं. झडपेची उष्णता बैठकीवाटेच बाहेर जाते. ती वाट बंद झाली कीं जळता वायु फटीतून झोंबतो आणि धुराची झडप करपते. मग सिलिंडर दाब धरीत नाहीं, गाडी ओढ धरीत नाहीं, आणि खर्च एका फिरकीच्या पान्यावरून सबंध वरचा भाग उतरविण्यावर जातो.

फट आपोआपही कमी होते. पेट्रोलमधील शिसें झडपेच्या बैठकीचें झिजेपासून रक्षण करीत असे. भारतभर २००० सालापासून शिसेंविरहित पेट्रोल मिळूं लागलें. ज्या जुन्या एंजिनांत कठीण धातूच्या बैठका नाहींत, तेथें जोरानें व दीर्घकाळ चालविल्यास बैठक झिजून झडप वर सरकते आणि फट मिटत जाते. अशा वेळीं गाडी दिवसेंदिवस शांत होत जाते आणि मालक समाधान मानतो. वास्तविक दुरुस्तीवांचून लोपलेली टकटक हीच तपासणीची वेळ आली असल्याची खूण होय. मंद, एकसारखी टकटक हें जुन्या एंजिनाचें व्यंग नव्हे. ती वाढली तर पाहावें. ती नाहींशी झाली, तर त्याहूनही लवकर पाहावें.