दूध कडू का लागलं?

मी बोलतोय मंगळवार पेठेतून. आमच्या चार म्हशी. पहाटे धार काढायची आणि दूध गिऱ्हाइकापर्यंत पोचवायचं, हे आजोबांपासून चालत आलंय. गेल्या पावसाळ्यात एक काकू तांब्या घेऊन परत आल्या. "बाळ, दूध कडू लागतंय रे." आठवड्यात तीन रतीब तुटले.

बाबांनी भांडी घासून काढली, पेंड बदलली. काही फरक नाही. शेवटी मी वैरणीचा भारा सोडून बघितला, तर गवतात पांढऱ्या फुलांचं काँग्रेस गवत! म्हैस सहसा त्याला तोंड लावत नाही, पण कुट्टीत मिसळलं की ती तरी काय निवडणार?

हे अमेरिका खंडातलं तण 1955 च्या सुमारास पुण्यात नजरेस आलं. एका झाडाला हजारो बिया. नुसतं कापलं तर बुडातून परत फुटतं. म्हणून पावसानं जमीन मऊ असताना, फुलायच्या आधी, मुळासकट उपटायचं. हातमोजे घाला हं! मी घातले नाहीत, आठवडाभर खाजवत बसलो.

बांधावरचा टाकळा मात्र ठेवा. तो दाट झाला की काँग्रेस उठत नाही, शिवाय कोवळ्या पानांची भाजी होते. आणि पाठीवर पट्टे असलेले भुंगेरे काँग्रेसची पानं खाताना दिसले तर मारू नका. मेक्सिकोतून आणून 1984 साली ते बंगळुरूला याच कामासाठी सोडले होते.

दोन रतीब परत जोडलेत. काकू अजून आलेल्या नाहीत.