घरचे दप्तर आणि जुना यूपीएस

(उज्जैन शहरातील नानाखेडा भागात मराठी कुटुंबांच्या एका छोट्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर असून माझा व्यवसाय प्रसिद्धी अधिकाऱ्याचा आहे. विद्युतशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. तरीही हा विषय मी निवडला, कारण त्याविषयीच्या अज्ञानाची किंमत मी याच नानाखेड्यात मोजली आहे.

सन १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी आपली राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्कर येथे नेली. तोपर्यंत तो मान उज्जैन नगरीचा होता. शिंदेशाहीबरोबर या मुलखात आलेल्या मराठी घराण्यांपैकी काहींच्या घरी मोडी कागद, जुनी छायाचित्रे आणि वंशावळी आजही जपलेल्या आढळतात. अलीकडे आपण या ठेव्याची छायाचित्रे घेऊन ती घरातील संग्रह-सर्व्हरवर ठेवू लागलो आहोत. संग्रह-सर्व्हर म्हणजे दोन-चार हार्ड डिस्क बसविलेली, अहोरात्र चालू राहणारी एक लहानशी पेटी. घरातील प्रत्येक फोन आणि संगणक तिच्याशी जोडलेला असतो. आजच्या काळातील घरचे दप्तरच ते!

माझ्या आतेभावाच्या घरी अशी पेटी होती. वीज गेली तर आधार असावा म्हणून ती एका जुन्या यूपीएसला जोडलेली होती. हा यूपीएस आठ वर्षांपूर्वी संगणकाबरोबर घेतलेला होता. त्याचा हिरवा दिवा लागत असे, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मे महिन्यातील एका संध्याकाळी मी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या आणि फोनमधून त्या पेटीत हलविल्या. थोड्याच वेळात वावटळ सुटली आणि वीज गेली. यूपीएसने एकदा आवाज केला आणि तोही बंद पडला. वीज आल्यावर पाहिले, तेव्हा फाईलींची नावे दिसत होती. आत आवाज नव्हता. फोनमधील मूळ मुद्रण हलविताना पुसले गेले होते. पुढे त्याच पावसाळ्यात आत्या गेली. भाच्याच्या फोनवर त्या वेळी सहज घेतलेल्या तीन ओव्या तेवढ्या आज आमच्याजवळ आहेत.

असे का झाले? सर्व्हरकडे आलेला मजकूर तत्काळ डिस्कवर उतरत नाही. तो काही क्षण स्मरणात राहतो आणि मग डिस्कवर लिहिला जातो. त्या क्षणी वीज गेली तर नाव लिहिले जाते, मजकूर मात्र राहून जातो. एकच मजकूर दोन डिस्कांवर ठेवण्याची सोय असली तरी या बाबतीत तिचा उपयोग नाही, कारण दोन्ही डिस्कांची वीज एकाच वेळी जाते.

पूर्वी उजेड जाऊ लागला की कारकून चालू ओळ पुरी करून लेखणी ठेवीत असे आणि कागद रुमालात बांधीत असे. यूपीएसचे कार्यही नेमके हेच आहे. अंधारात तासन् तास काम चालू ठेवावे, ही अपेक्षा त्याच्याकडून करू नये. दप्तर नीट बांधण्यापुरता अवधी त्याने दिला, म्हणजे पुष्कळ झाले. एवढे काम जुना यूपीएसही उत्तम रीतीने करू शकतो. मात्र तीन गोष्टींची खात्री करून घेतली पाहिजे.

पहिली गोष्ट बॅटरीची. घरगुती यूपीएसमध्ये शिसे-आम्ल प्रकारची बंद बॅटरी असते आणि तिचे आयुष्य साधारणपणे ३ ते ५ वर्षे असते. उष्णता ही तिची वैरीण होय. २५ अंशांच्या वर दर १० अंशांस तिचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते, असा ठोकताळा आहे. माळव्यातील उन्हाळा आपणांस ठाऊकच आहे. माळ्यावर महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरी तर बहुधा निकामीच झालेली असते. हिरवा दिवा म्हणजे भिंतीतून वीज येत आहे, एवढेच! बॅटरी जिवंत असल्याचा तो पुरावा नव्हे. म्हणून यूपीएस एक दिवसभर चार्ज करावा. नंतर सर्व्हर न जोडता, सर्व्हरइतकी वीज घेणारा साधा दिवा त्याला जोडून भिंतीवरचे बटण बंद करावे आणि दिवा किती मिनिटे टिकतो ते घड्याळ लावून पाहावे. प्लग उपटू नये. बटण बंद केल्याने अर्थिंग तुटत नाही. दिवा दहा मिनिटेही टिकला नाही, तर नवी बॅटरी घालणे शहाणपणाचे ठरेल. फुगलेली बॅटरी तर क्षणभरही वापरू नये.

दुसरी गोष्ट भाराची. यूपीएसवर ६०० व्हीए असा आकडा असला तरी ते ६०० वॅट नव्हेत. लहान यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो. दोन डिस्कांचा सर्व्हर चालताना साधारण २० ते ३० वॅट घेतो, त्यामुळे त्याची चिंता नाही. तथापि त्याच यूपीएसला लेझर प्रिंटर किंवा मिक्सर कदापि जोडू नये. काही यूपीएसच्या मागील सर्वच सॉकेटांना बॅटरीचा आधार नसतो, हेही तपासावे.

तिसरी गोष्ट निरोपाची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. वीज गेली हे सर्व्हरला कळले नाही, तर तो शेवटपर्यंत लिहीतच राहील आणि बॅटरी संपताच पूर्वीचाच अनर्थ ओढवेल. यूपीएसच्या मागे यूएसबीचे भोक असल्यास तेथून सर्व्हरपर्यंत तार जोडावी आणि सर्व्हरच्या मांडणीत यूपीएसचा विभाग चालू करावा. फार जुन्या यूपीएसला नऊ पिनांचे सिरियल जोडणस्थान असते. तेथे हाताला लागेल ती तार लावू नये. काही कंपन्यांची पिनांची रचना वेगळी असते आणि साध्या तारेने यूपीएस तत्क्षणी बंद पडू शकतो. त्यासाठी त्या कंपनीचीच तार मिळवावी. ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही मोफत आज्ञावली अनेक जुन्या यूपीएसची भाषा जाणते. ती एखाद्या छोट्या संगणकावर चालवून, वीज गेल्याचा निरोप घरच्या नेटवर्कवरून सर्व्हरला पोहोचविता येतो. मात्र निरोप जाण्यासाठी तो संगणक आणि राउटर हेही त्याच यूपीएसवर असले पाहिजेत. निरोपाची कोणतीच सोय नसलेला यूपीएस या कामी अपुरा समजावा.

दिवा जितकी मिनिटे टिकला, त्याच्या निम्म्याहून कमी वेळात सर्व्हर बंद होईल असे ठरवावे. मग काही लिहिले जात नसताना भिंतीचे बटण पुन्हा बंद करावे आणि सर्व्हर आपण होऊन नीट बंद होतो की नाही, ते समोर बसून पाहावे. ही परीक्षा दर सहा महिन्यांनी, विशेषतः वळवाच्या पावसापूर्वी, घ्यावी.

आपल्यापैकी अनेकांकडे इन्व्हर्टर आहे. त्याचा आधार मोठा असला तरी घरगुती इन्व्हर्टर बहुधा सर्व्हरला निरोप देत नाही. शिवाय साध्या प्रकारच्या इन्व्हर्टरची वीज काही यूपीएस स्वीकारीत नाहीत; म्हणून दोन्ही एकत्र जोडण्यापूर्वी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. निकामी बॅटरी भंगारात किंवा उकिरड्यावर टाकू नये. त्यातील शिसे विषारी असते. सन २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत संकलनासाठी दिली पाहिजे. नवी बॅटरी घेताना दुकानदाराकडे तशी चौकशी करावी.

शेवटी एकच सांगावयाचे आहे. यूपीएस कितीही चांगला असला तरी तो दुसऱ्या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. डिस्क बिघडते, घरात पाणी शिरते, चोरी होते. अमोल वस्तूची एक प्रत दुसऱ्या गावी, आप्तांच्या घरी असावी. आणि दुसरी प्रत उघडून पाहिल्यावाचून मूळ पुसू नये. भाच्याच्या फोनमधील तीन ओव्या आमच्याजवळ उरल्या, त्या कोणत्याही यंत्रामुळे नव्हे. केवळ दुसऱ्या ठिकाणी होत्या म्हणून.

आज घरी गेल्यावर आपल्या यूपीएसवरील बॅटरीचे वर्ष पाहावे, आणि घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांचा आवाज जपून ठेवावा, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!